काळ्या दगडाची साक्ष समुद्राच्या दगडात

सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातल्या सात नैसर्गिक स्थळांची नावे नव्याने गेली. पाचगणी आणि महाबळेश्वर इथला दख्खनचा लाव्हा त्यांत आहे. साताऱ्याला याचा आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पुढची चर्चा मात्र लगेच पर्यटनावर घसरली. गाड्या किती वाढतील, पार्किंग कुठे करायचे, टेबललँडवरच्या घोडेवाल्यांचे काय होणार. प्रश्न खरे आहेत. पण या यादीमुळे सातारा आणि सांगलीवर एक जबाबदारीही येते आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेले मला दिसले नाही.

पाचगणीच्या खडकाकडे जग इतके निरखून पाहते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेला डायनासोरांचा अंत. त्या प्रकरणात आपला काळा पाषाण हा एक संशयित आहे. दुसरा संशयित म्हणजे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर आदळलेला लघुग्रह. पण त्या काळात कोण जगत होते, कोण कधी संपले, कोण तगले, याची नोंद आपल्या खडकात जवळजवळ नाहीच. ती त्या काळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या खडकांत आहे. तमिळनाडूत अरियलूरला, आंध्रात राजमहेंद्रीजवळ, मेघालयाच्या दक्षिण उतारावर. हे साक्षीदार आज रोज फोडले जात आहेत आणि त्यांना वाचवणारा स्वतंत्र कायदा या देशात नाही. तो कायदा व्हावा, तो गावकऱ्यांना सोबत घेणारा व्हावा आणि त्यासाठी आवाज सातारा-सांगलीतून उठावा, एवढे मला इथे मांडायचे आहे.

"आमच्या जिल्ह्यात जीवाश्मच नाहीत, मग आमचा काय संबंध?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी कराड भागात भूगोल शिकवतो. अधूनमधून एखादा मुलगा पिशवीतून गोल, गुळगुळीत दगड घेऊन येतो आणि डोळे विस्फारून विचारतो, "सर, हे डायनासोरचं अंडं आहे का?" ते अंडे नसते. आपल्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसॉल्टला, आडव्या-उभ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी शिरते, कोपरे आधी कुजतात, पापुद्रे सुटत जातात आणि मधला टणक गोळा शिल्लक राहतो. कधी दगडाच्या चिरेत नेच्याच्या पानाची हुबेहूब नक्षी सापडते. तीही वनस्पती नसते, मँगनीजचे क्षार झिरपून उमटलेली असते. मुलांचा चेहरा पडतो. मग मी त्यांना सांगतो की आपला दगड हजार अंशांपेक्षा जास्त तापलेला रस होता, त्यात हाड किंवा शिंपला टिकणार कसा? मात्र हा दगड फार मोठ्या गोष्टीचा अर्धा भाग आहे आणि उरलेला अर्धा भाग दुसरीकडे आहे.

हा अर्धा भागही काही लहान नाही. दख्खनचा लाव्हा आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अजिंक्यतारा, दातेगड, मच्छिंद्रगड हे सगळे त्याच थरांवर उभे आहेत. भूगर्भशास्त्रात या थरांना जी नावे मिळाली आहेत ती ऐकून वाईकरांना नवल वाटेल. सह्याद्रीतल्या वरच्या थरांच्या समूहाचे जगभर रूढ असलेले नाव 'वाई उपगट' असे आहे. त्यात खालून वर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी नावे येतात. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत बसलेला संशोधक 'आंबेनळी' हा शब्द रोज उच्चारतो आणि आपण त्या घाटातून गाडी काढताना दरीकडे बघतो, कड्याकडे नाही.

कड्याकडे एकदा नीट बघावे. काळ्या-करड्या थरांच्या मधोमध एक विटकरी-तांबडी पट्टी आडवी गेलेली दिसते. कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात. नखाने खरवडली तर माती सुटते, खालचा-वरचा दगड मात्र पोलादासारखा. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस झाला, पृष्ठभाग कुजून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून बसला, असा तिचा उगम बहुधा सांगितला जातो. या तांबड्या थरांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे अतिसूक्ष्म कण सापडले आणि त्यांतल्या युरेनियमवरून थरांचे वय काढता आले. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे शोधनिबंध आले. झिरकॉनवर काम करणाऱ्या गटाने मांडले की लाव्हा चार मोठ्या टप्प्यांत आला आणि त्यातला एक डायनासोरांना संपवणाऱ्या महाविनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधीचा होता. लाव्हातल्या आर्गॉनवरून वय काढणाऱ्या दुसऱ्या गटाने मांडले की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा महाविनाशानंतर बाहेर पडला. दोघांचेही नमुने सह्याद्रीतले. सगळा मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, इतपत दोघांचे जुळते. कशाने कुणाला मारले, यावर ते वेगळे पडतात.

हा वाद दगडाचे वय काढून पूर्ण सुटत नाही, कारण वय कळले तरी मृत्यूची नोंद त्या दगडात नसतेच. ती समुद्रात असते. समुद्राच्या पाण्यात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगत असतात. वाळूच्या कणाएवढे, चुन्याचे कवच असलेले. ते मरतात, तळाशी बसतात, गाळात गाडले जातात. त्यांच्या जाती झरझर बदलतात, म्हणून गाळाच्या एखाद्या थरात कोणत्या जाती आहेत यावरून तो महाविनाशाच्या अलीकडचा की पलीकडचा हे सांगता येते. आता असा थर आपल्या लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये सापडला तर?

तसा तो सापडला आहे. गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या भागात, राजमहेंद्रीजवळ, बेसॉल्टचे थर आहेत. त्यांचे रासायनिक घटक तपासले तेव्हा खालचा थर आंबेनळीशी आणि वरचा महाबळेश्वरशी जुळला. म्हणजे सह्याद्रीच्या परिसरातून निघालेला लाव्हा, बहुधा त्या काळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत, हजारेक किलोमीटर पूर्वेला समुद्रापर्यंत पोचला असे संशोधक मानतात. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते. या दोन प्रवाहांच्या मध्ये खाडीत आणि उथळ समुद्रात साचलेला काही मीटरांचा गाळ अडकलेला आहे. त्यात शिंपले आहेत, शेवाळाचे अवशेष आहेत आणि महाविनाशानंतर लगेच जन्माला आलेल्या जातींचे फोरॅमिनिफेराही आहेत. खालच्या लाव्हाच्याही खाली जो समुद्री चुनखडक आहे, तो डायनासोर हयात असतानाचा. २००८ मध्ये भूशास्त्रज्ञ जेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गाळाच्या आधारे दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा शेवट महाविनाशाच्या जवळ आणून ठेवला. आपल्या कड्यांवर अख्खे आयुष्य काढून जे कळले नसते ते तिथल्या काही मीटर गाळाने सांगितले.

आणि तो गाळ दिसला कुठे? खडीच्या खाणींत. आपल्याकडे क्रशरसाठी जसा डोंगर कापतात, तसाच तिथे बेसॉल्ट कापताना मधला पिवळट-पांढरा थर उघडा पडला. खाण नसती तर तो कुणाला दिसलाच नसता. खाण आणखी पुढे सरकली की तो उरणारही नाही.

अरियलूरची गोष्ट याहून मोठी आहे. गोंडवनभूमी हा अखंड प्राचीन महाखंड फुटला, भारताची पूर्व किनार मोकळी झाली आणि सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी कावेरीच्या खोऱ्यात समुद्र आत शिरला. तो पुढे-मागे होत राहिला आणि डायनासोर युगाच्या अखेरीपर्यंत तिथे थरावर थर साचत गेले. उटाटूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर या नावांनी ते ओळखले जातात. १८४० च्या दशकात तिथल्या शिंपल्यांकडे इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष गेले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड यांनी नकाशे केले आणि फर्डिनांड स्टोलिच्का या तरुण शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षे तिथल्या अमोनाइटांचे (वेटोळ्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे), गोगलगायींचे, शिंपल्यांचे असे काटेकोर वर्णन केले की आजही जगातल्या कोणत्याही अमोनाइट-अभ्यासकाला ते खंड उघडावे लागतात. स्टोलिच्का १८७४ मध्ये लडाखमध्ये, मोहिमेवरून परतताना, छत्तिसाच्या आतबाहेर गेला. एवढ्याशा आयुष्यात त्याने आपल्याला एक अख्खा बुडालेला समुद्र वर्णन करून दिला.

कारै गावाजवळचा माळ पावसाने कापून काढलेला आहे. झाड नाही, गवत नाही, नुसत्या घळी. ओल्या पांढऱ्या-पिवळ्या मातीत जिप्समचे पापुद्रे चकाकतात, बेलेम्नाइट या नामशेष समुद्री प्राण्याचे दंडगोल, टोकदार तुकडे पायाखाली येतात आणि एखाद्या चिखलगोळ्यात अमोनाइटचे वेटोळे अर्धे बाहेर आलेले दिसते. तिथून थोड्या अंतरावर कल्लनकुरिचीचा चुनखडक आहे, जाड कवचांच्या कालवांनी खच्चून भरलेला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सिमेंटचा कच्चा मालही तोच. म्हणून अरियलूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि तिथला समुद्र डंपर भरभरून भट्टीत जाऊ लागला. तमिळनाडूने वारणवासी गावात जीवाश्मांचे संग्रहालय उभारले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण संग्रहालयात ठेवलेला शिंपला आणि थरात जागेवर असलेला शिंपला यांत फार फरक आहे. तो कोणत्या थरातून निघाला, वर काय होते, खाली काय होते, हे हरवले की त्याची निम्मी माहिती गेली.

आपल्या घरांचा या समुद्राशी जुना संबंध आहे, फक्त तो तसा सांगितला जात नाही. वाई, माहुली, मिरज, औदुंबर या कृष्णाकाठच्या जुन्या घरांत पंचायतनाची पूजा असते. विष्णूचा शाळिग्राम, शंकराचा नर्मदेतला बाण, गणपतीचा शोणभद्र, देवीचा सुवर्णमुखी, सूर्याचा स्फटिक. पाच नद्या-डोंगरांतून आणलेले पाच दगड. यातला शाळिग्राम नेपाळमध्ये गंडकीच्या पात्रात मिळतो आणि ज्याच्या आत चक्र दिसते तो शाळिग्राम म्हणजे अमोनाइट. हिमालय वर येण्याच्या कितीतरी आधी तिथे टेथिस समुद्र होता. डायनासोरांच्या भरभराटीच्या काळात त्याच्या तळाशी काळा चिखल साचला, त्याचा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, झाला. हिमाचलातल्या स्पितीच्या नावाने हा थर ओळखला जातो. फुटलेला शाळिग्राम भिंगाखाली धरून पाहा. मध्यापासून बाहेर रुंदावत जाणारे वेटोळे, त्याच्यावर किरणांसारख्या निघालेल्या कड्या, त्या बाहेरच्या बाजूला दुभंगलेल्या, आणि आत पडदे घालून केलेल्या खोल्या. सर्वांत बाहेरच्या खोलीत प्राणी राहायचा, मागच्या खोल्यांतल्या वायूमुळे त्याला पाण्यात हवे तितके वर-खाली होता यायचे. काही शाळिग्रामांत कवचाच्या जागी सोन्यासारखा पिवळा पायराइट भरलेला असतो. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला नवरदेव म्हणून उभा करतो, त्याचे कूळ डायनासोरांबरोबरच पृथ्वीवरून नाहीसे झाले.

यामुळे श्रद्धेला बाधा येते असे मला वाटत नाही. उलट ज्या समाजाने एक जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या राशीवर ठेवून सांभाळला, त्याला जीवाश्म जपा हे वेगळे शिकवावे लागू नये. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक शेताच्या रक्षणासाठी काही गोल दगडांची भैरव म्हणून पूजा करत आले. ते डायनासोरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले. धार जिल्ह्यातल्याच नर्मदेकाठच्या खडकांत त्याच वर्षी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. अंड्यांच्या त्या थराच्या खालीच बाघचा समुद्री चुनखडक आहे, सागरी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री जीव) आणि शिंपल्यांनी भरलेला, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या बांधावरही शेंदूर लावलेला म्हसोबा असतो. त्याला नांगर लागू नये याची काळजी शेतकरी स्वतः घेतो, कुठल्या खात्याची नोटीस न येता. संरक्षणाची ही सवय कायद्याने वापरून घ्यायला हवी.

कायद्याची स्थिती अशी. माणसाने घडवलेल्या जुन्या वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे. मूर्ती, नाणी, हस्तलिखिते यांच्यासाठी १९७२ चा. जिवंत प्राण्यांसाठी त्याच वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा आणि जैवविविधतेसाठी २००२ चा. जीवाश्म माणसाने घडवलेला नाही आणि जिवंतही नाही, त्यामुळे तो या सगळ्यांच्या मधल्या फटीतून खाली पडतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही स्थळांना राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर करते, आपले लोणार त्यात आहे. पण ती यादी म्हणजे सन्मान आहे, तिच्या पाठीशी शिक्षेची तरतूद नाही. एखाद्याने बाघच्या चुनखडकातून पोतेभर अर्चिन उचलून विकले, तर त्याला नेमक्या कोणत्या कलमाखाली अडवायचे, हे तिथल्या ठाणेदाराला सांगता येणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. स्थळाची नासधूस केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात होती. उशिरा का होईना, पाऊल योग्य होते. त्यावर जीवाश्म-अभ्यासकांनी जी टीका केली तीही योग्य होती. जवळजवळ सगळे अधिकार एकट्या सर्वेक्षणाच्या हाती दिले होते. विद्यापीठात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना, हौशी संग्राहकांना, ज्यांच्या रानात जीवाश्म सापडतो त्यांना त्यात जागा नव्हती. धारच्या अंड्यांच्या शोधात तिथल्या एका शाळाशिक्षकाचा केवढा वाटा आहे! असा माणूस उद्या परवान्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत बसला तर पुढचे घरटे सापडणार नाही. त्या मसुद्याचा अजून कायदा झालेला नाही. सरकारने तो सुधारून आणावा, ही मागणी वैज्ञानिकांपुरती राहता कामा नये.

दोन हरकतींचा मला मनापासून विचार करावासा वाटतो. पहिली हरकत पोटाची आहे. अरियलूरचा चुनखडक बंद केला तर सिमेंट कुठून येणार आणि तिथल्या हजारो घरांच्या चुली कशा पेटणार? सांगली-कोल्हापूर पट्ट्यात महापुरानंतर आपण जी घरे पुन्हा बांधली, ती मातीची बांधली नाहीत. सिमेंट हवेच आहे. मी खाणी बंद करा म्हणत नाही. जर्मनीत बव्हेरियामध्ये सोल्नहोफेनचा चुनखडक आहे, १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरोवरांत साचलेला. तो शतकानुशतके खणला जातो आहे. त्याच्या गुळगुळीत लाद्यांवर शिळाछापाचे तंत्र जन्माला आले आणि एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी पोथ्या आणि पंचांगे ज्या तंत्राने छापली गेली ते हेच. १८६१ मध्ये त्या खाणींतून आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी निघाला. दात असलेला, लांब शेपटीचा आणि तरीही पिसांचा. तो हाती आला, कारण तिथले कामगार दगडाच्या लाद्या हाताने उलगडत होते आणि कोणती लादी बाजूला ठेवायची हे त्यांना ठाऊक होते. खाण आणि जीवाश्म एकत्र नांदू शकतात. त्यासाठी खाणीवर बघणारा डोळा लागतो आणि त्या डोळ्याला मोबदला लागतो. जीवाश्म असलेल्या थरात खाणपट्टा देण्याआधी मालकाच्या खर्चाने पाहणी, खणताना थरांची नोंद, महत्त्वाचे काही निघाले तर तेवढ्या जागेपुरते काम थांबवणे आणि खाण संपताना एक उभा कडा मुद्दाम न कापता ठेवणे. सिमेंटच्या गोणीमागे याचा भार किती पडेल? एका कड्याचा दगड सोडून दिल्याने कुठला कारखाना बुडत नाही.

दुसरी हरकत आपल्या अधिक जवळची आहे आणि ती मला टाळता येत नाही. कोयनेत गावे गेली. चांदोलीत गेली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथे साधी पडवी वाढवायची तर किती कागद लागतात, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा. पश्चिम घाटाबद्दल गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. पाटण-जावळीच्या गावांत त्यांचा अर्थ एकच पोचला, की आता आणखी एक रेघ आपल्या शेतावरून जाणार. गाडगीळांनी निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या असे लिहिले होते, हे गावापर्यंत पोचलेच नाही. २०२२ च्या मसुद्यातही जमीन संपादनाची वाट ठेवलेली होती. अशा कायद्याचा परिणाम उलटा होतो. बांधात काही वेगळे दिसले तर माणूस तलाठ्याला सांगणार नाही, पहारीने फोडून विहिरीच्या भरावात टाकील. म्हणून जमीन शेतकऱ्याचीच राहील, पीक घेण्याला बंदी नसेल आणि जीवाश्म कळवणाऱ्याला बक्षीस आणि त्याच्या नावाची नोंद मिळेल, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत असले पाहिजे.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले. सुरुवातीला फुले तुडवणाऱ्या गर्दीने सगळ्यांना धडकी भरली होती. पुढे आसपासच्या गावांच्या समित्यांनी वनखात्याबरोबर मिळून प्रवेशशुल्क, गाड्यांचे नियोजन आणि राखणदारी हाती घेतली. अडचणी आजही आहेत, गर्दीही आहे. तरीही फुलांच्या हंगामात तिथे उभा असलेला कासचा किंवा एकीवचा तरुण पर्यटकाला अडवतो, तो स्वतःच्या पठारासाठी. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर तर उजाड डोंगरावर माणसांनी लावलेल्या झाडांतून उभे राहिले आहे. अरियलूरच्या गावांना, धारच्या पाड्यांना, राजमहेंद्रीच्या खाणकामगारांना हा अनुभव आपण सांगू शकतो. नुसते दिल्लीकडे बघत बसण्यापेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

यंत्रणाही नव्याने उभी करायची गरज नाही. २००२ च्या कायद्याने ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या झाल्या, लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. बऱ्याच ठिकाणी त्या कपाटात आहेत, पण आहेत. याच नोंदवहीत गावातल्या दगडांचा, थरांचा, झऱ्यांचा, जीवाश्मांचा भाग जोडावा आणि याच समितीला जीवाश्मस्थळाच्या राखणीचा कायदेशीर अधिकार द्यावा. वर राज्यपातळीवर विद्यापीठांचे अभ्यासक, सर्वेक्षण आणि लोकप्रतिनिधी यांचे मंडळ असावे. सापडलेला नमुना अभ्यासाला लखनौला जावो की कोलकात्याला, अभ्यास संपल्यावर तो जिल्ह्यात परत यावा. आपल्या विदर्भात वरोऱ्याजवळ पिसदुरा इथे डायनासोरांची हाडे मिळाली, गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. ही नावे सातारा-सांगलीतल्या किती मुलांच्या कानावर आहेत? ज्या भागातून हाड निघाले तिथल्या मुलाला ते पाहायला हजार किलोमीटर जावे लागत असेल, तर त्याने ते का जपावे?

आपला स्वार्थही यात आहे. संभाव्य यादीत नाव आल्यावर किमान एक वर्षाने मूळ प्रस्ताव पाठवता येतो आणि त्या प्रस्तावात स्थळाला कोणते कायदेशीर संरक्षण आहे, त्याचे व्यवस्थापन कोण करते, हे दाखवावे लागते. पाचगणीच्या बाबतीत आपण काय दाखवणार? वनखात्याचे नियम झाडांसाठी आहेत, संवेदनशील क्षेत्राचे नियम बांधकामांसाठी. तांबड्या थराचा तो कडा घाटरस्ता रुंद करताना उद्या जाळी आणि सिमेंटच्या लेपाखाली गेला, तर त्याला हरकत घेण्याचा आधार कोणता? ज्या भूवारसा कायद्याअभावी अरियलूरचा शिंपला भट्टीत जातो, त्याच कायद्याअभावी आंबेनळीचा कडाही उघडा आहे. दोन्ही एकाच विधेयकाने सुटतील आणि एकट्या पाचगणीसाठी वेगळा कायदा कुणी करणार नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला आपल्याकडे ग्रामसभा होतात. वाई, जावळी, महाबळेश्वर, पाटण, शिराळा या तालुक्यांतल्या गावांनी त्यांपैकी एका सभेत ठराव करून तो खासदारांकडे पाठवावा. त्यात भूवारसा विधेयक ग्रामसभेच्या अधिकारासह संसदेत आणण्याची मागणी असावी, जमीन काढून न घेण्याची अट असावी आणि घाटातल्या निवडक कड्यांची, किलोमीटरच्या दगडाच्या खुणेसह, यादी जोडलेली असावी. ती यादी करायला भूगोलाचे शिक्षक आणि दहावी-अकरावीची मुले पुरेशी आहेत. कडे ओळखायचे कसे हे शिकवायला मी आणि माझे सहकारी येऊ. ठरावात शेवटचे एक कलम अरियलूर, बाघ आणि राजमहेंद्रीच्या समुद्री थरांचे घालावे. त्या गावांच्या पंचायतींना त्याची प्रत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत पाठवावी, म्हणजे आपल्या लाव्हाबद्दल साताऱ्यात काय मागितले गेले ते त्यांनाही कळेल आणि त्यांना आपले म्हणणे त्यात जोडता येईल.